परक्याची सायकल

सायकल घरी आली तेव्हा नवरा घरी नव्हता, आणि हा काही योगायोग नव्हता. "कधी पाठवू?" असं दुकानदाराने विचारल्यावर काचवालीने नवऱ्याच्या ड्यूटीची वेळ मनातल्या मनात तपासली होती आणि मगच उत्तर दिलं होतं.

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या हे तिचं काम, म्हणून दुकानात सगळे तिला काचवाली म्हणत. केसाएवढी चूक झाली तरी गिऱ्हाइकाला जग तिरकं दिसेल असं ते काम. अशा बाईला नीट घडवलेली वस्तू दिसली की तिची नजर हटत नाही. त्या दिवशी सायकलच्या दुकानात नेमकं तेच झालं. ती गेली होती मुलीच्या जुन्या सायकलला घंटी घ्यायला. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून ती सायकल काचवालीच चालवत होती. बसून बसून आखडलेली पाठ मोकळी व्हावी म्हणून सुरू केलेला उद्योग हळूहळू टेकडीपर्यंत पोचला होता. तर बाई गेल्या घंटी आणायला आणि घेऊन बसल्या सायकल! गंमत म्हणजे या नव्या सायकलला घंटी नव्हतीच. स्टँड नव्हता, कॅरिअर नव्हतं, मडगार्डही नव्हते. महागाच्या सायकलींचं असंच असतं. पैसे जितके जास्त, तितक्या वस्तू कमी.

किंमत इथे सांगण्यात अर्थ नाही. वाचणाऱ्यांनाही संसार असतो. एवढंच सांगायचं तर, दुकानदाराने आकडा सांगितल्यावर तिने "दोन सायकलींचे का?" असं विचारलं होतं. शिवाय हेल्मेट आलं, पेडलमध्ये खटकन अडकणारे बूट आले, हातमोजे आले आणि आत गादी शिवलेली एक तंग चड्डी आली. अशी सायकल साध्या चपला घालून चालवणं म्हणजे सायकलचा अपमान आहे, असं दुकानदाराचं म्हणणं पडलं. काचवालीने आयुष्य साध्या चपलांत काढलं होतं, पण सायकलचा अपमान काही तिला बघवेना.

पैसे तिच्या पगारातले होते, वर्षानुवर्षं बाजूला टाकलेले. तरीही नोटा तिने तीनदा मोजल्या आणि मगच हातावेगळ्या केल्या. सोफा आला तो सगळ्यांसाठी, फ्रीज आला तो सगळ्यांसाठी, फी भरली ती मुलीसाठी. फक्त स्वतःसाठी असं तिने काही घेतल्याचं तिलाच आठवेना. "एवढ्या पैशांत काय काय झालं असतं!" हा विचार घरी येईपर्यंत तिच्या मागे मागे चालत आला. संध्याकाळी नवरा आला की सरळ सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं. वाक्यही तयार होतं. 'अहो, मी एक सायकल घेतली.' त्यात अवघड असं काहीच नव्हतं.

आता नवऱ्याबद्दल. तो मोठ्या बसस्थानकावर हरवले-सापडले विभागाचा प्रमुख होता. विभागात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे प्रमुखपदाला धोका नव्हता. बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, एकेकटे बूट, एकदा तर कोणाची तरी कवळी, असं सगळं तो चिठ्ठ्या बांधून फडताळात लावून ठेवी. स्वतःची वस्तू तो कशीही वापरी, पण परक्याच्या वस्तूला हात लावण्याआधी हात धुई. परक्याची वस्तू म्हणजे पदरातला निखारा, हे त्याचं तत्त्व. दुसरं तत्त्व म्हणजे उधळपट्टीसारखं पाप नाही. एकदा दाढ दुखायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, टोपी बसवू. टोपीची किंमत ऐकून तो म्हणाला, दाढच काढा.

त्या संध्याकाळी तो दारातूनच बोलत आला.

"आज एक महाशय हेडफोन विसरून गेले. खोकंसुद्धा फोडलेलं नाही! पैसे जड झालेत लोकांना. आणि न्यायला येणार नाहीत, तू लिहून घे. दांड्याला दोरी बांधलेल्या छत्रीचा मालक तीनतीनदा हेलपाटे घालतो. महागाच्या वस्तूचा मालक फिरकत नाही. ज्याला वस्तूची कदर, त्याचीच खरं तर ती..."

बोलता बोलता तो थांबला. सोफ्याच्या मागे, भिंतीला टेकून, निळी सायकल उभी होती.

दुसरा कोणी असता तर त्याने "हे काय?" असं विचारलं असतं, नाहीतर "केवढ्याला?" असं तरी. पण माणसाची सवय बोलते. त्याने विचारलं, "ही कोणाची?"

'माझी' हा शब्द केवढासा! पण काचवालीला तो काही केल्या म्हणता येईना. तिने 'अहो, मी एक...' पर्यंत मनात जुळवाजुळव केली आणि तोंडातून भलतंच निघालं.

"आमच्या दुकानातली ती नाही का, काउंटरवरची? तिची आहे."

"विसरली?"

"नाही हो! ठेवायला दिलीय. तिच्याकडे जागा नाही."

"अस्सं," नवरा म्हणाला आणि हात धुवायला गेला. तिने सुटकेचा निःश्वास सोडला. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय, हे तिला सकाळपर्यंत कळलं नाही.

सकाळी ती हेल्मेट, हातमोजे, बूट असा सगळा सरंजाम अंगावर चढवून बाहेर आली, तर सायकलच्या दांडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. वर काउंटरवरच्या मैत्रिणीचं नाव, खाली 'हात लावू नये'. आणि शेजारी नवरा.

"हे सगळं तिचं घालून कुठे निघालीस?"

"जरा एक चक्कर."

"परक्याच्या सायकलवर? तिला विचारलंस?"

"ती काही म्हणणार नाही हो."

"काही म्हणणार नाही म्हणूनच विचारायचं असतं. लाव फोन."

काचवालीने फोन लावला. पलीकडे मैत्रीण गाढ झोपेतून उठली.

"मी तुझी सायकल थोडी चालवू का गं?"

"कोणाची?"

"तुझी. निळी."

"मला कुठली सायकल? मला सायकल येतसुद्धा नाही!"

"थँक्यू हं!" काचवालीने फोन ठेवला. "चालव म्हणाली."

दुकानात गेल्यावर तिने मैत्रिणीला सगळं सांगितलं. मैत्रीण इतकी हसली की चष्मा बघायला आलेलं गिऱ्हाईक आपला चेहराच आरशात तपासू लागलं.

"अगं पण सरळ सांग ना! तुझे पैसे, तुझी सायकल."

"सांगणार होते. पण एवढे पैसे स्वतःवर घालवले, असं तोंडाने म्हणवतच नाही. त्यांची दाढ गेली गं पैशांपायी. आणि मी गादीची चड्डी घेऊन आले. तेवढ्यात कितीतरी झालं असतं."

"झालं असतं, झालं असतं!" मैत्रीण म्हणाली. "आजवर तेच होत आलं ना? एकदा तुझंही होऊ दे."

ऐकायला ते बरं वाटलं, पण घरी सांगायची हिंमत काही त्यातून आली नाही. मग तेच सुरू झालं. रोज पहाटे काचवालीने स्वतःच्या सायकलवर बसण्यासाठी मैत्रिणीची परवानगी मागायची आणि नवऱ्याने बाजूला उभं राहून ऐकायचं. एकदाच कायमची परवानगी घेऊन टाकते, असं तिने सुचवून पाहिलं. नवरा म्हणाला, "कायमची परवानगी म्हणजेच बळकावणं. सुरुवात अशीच होते."

पहाटेच्या फोनांनी मैत्रीण वैतागली. एके दिवशी नवऱ्याने स्वतः फोन हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"नमस्कार ताई. आजची परवानगी आहे ना?"

"आज नको, भावजी," पलीकडून जांभई देत उत्तर आलं. "आज वारा आहे. माझ्या सायकलला वारा सोसत नाही."

"अगदी बरोबर ताई. मीही तेच म्हणत होतो."

काचवाली बूट घालून उभी होती ती तशीच खाली बसली. दुकानात तिने भांडण काढलं, तेव्हा मैत्रीण म्हणाली, "भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झालीय माझी! तुझी सायकल, तुझा नवरा, आणि झोप मात्र माझी मोडते. आणखी दोन दिवस वाराच राहणार आहे, सांगून ठेवते."

पण ज्या दिवशी परवानगी मिळे, त्या दिवशी मात्र काचवाली खिडकीतून दिसेनाशी होईपर्यंत नवरा बघत राही. म्हणजे सायकल नीट चालवते की नाही हे बघत राही, असं त्याचं म्हणणं. परत आली की ती जमिनीवर फतकल मारून बसे आणि जुन्या सुती कापडाने साखळीची एकेक कडी पुसे. पुसता पुसता स्वतःशीच गुणगुणे. ती गुणगुणते हे नवऱ्याला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कानावर कसं आलं नाही, याचं त्याला नवल वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. गादीची चड्डी वाळत घातलेली दिसली की मात्र तो परक्या बाईची वस्तू म्हणून मान वळवून जाई.

येत्या रविवारी सायकलवाल्यांचा एक घोळका टेकडी ओलांडून पलीकडच्या तलावापर्यंत जाणार होता. काचवालीला त्यांच्याबरोबर जायचं होतं. या एका गोष्टीसाठी तिने सायकल घेतली होती म्हटलं तरी चालेल. जुनी सायकल टेकडीच्या मध्यावर दम टाकायची, आणि घोळका बाजूने निघून जायचा. तो दिसेनासा झाला की तिला उगीचच रडू यायचं. या वेळी तिला वरून पलीकडचं बघायचं होतं. तिने शक्य तितक्या सहज आवाजात विषय काढला.

"टेकडी?" नवऱ्याच्या हातातला चहा हिंदकळला. "परक्याची सायकल टेकडीवर? एखादा ओरखडा आला तर तोंड कसं दाखवायचं? ते काही नाही. ताईंना घरी बोलाव. सायकल डोळ्यांनी बघू देत, आणि समोरासमोर हो म्हणू देत. मग जा."

बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मैत्रीण तीन मजले चढून आली तीच मुळी धापा टाकत. सायकलची मालकीण जिन्यातच दमलेली पाहून नवऱ्याच्या कपाळावर पहिली आठी पडली. त्याने तिला पाणी दिलं, हात धुतले आणि सायकल खोलीच्या मधोमध आणून उभी केली.

"बघून घ्या ताई. आली तशीच आहे. वाटल्यास खाली नेतो, एक चक्कर मारून बघा."

"मी?" मैत्रीण दचकली. "नको नको. माझा गुडघा. डॉक्टरांनी सायकल बंद केलीय."

"मग घेतलीत कशाला?"

"डॉक्टरांनीच सांगितलं म्हणून."

"त्याच डॉक्टरांनी?"

"डॉक्टर बदलला," मैत्रीण म्हणाली. काचवाली खिडकीबाहेर बघू लागली.

"बरं, गिअर तेवढे तपासून घ्या. किती आहेत हो हिला?"

मैत्रिणीने सायकलकडे डोळे बारीक करून पाहिलं. गिअर कुठे असतात हेच तिला ठाऊक नव्हतं. "पुरेसे आहेत," ती म्हणाली.

नवऱ्याने मग दोन्ही हातांनी बूट आणले. ओलबिल लागलेली नाही ना, एकदा घालून बघा, असा त्याचा आग्रह. मैत्रिणीने पाय आत घालायचा प्रयत्न केला. पाय निम्म्यावर अडकला.

"आज जरा सुजलाय."

"दोन्ही?"

"एक सुजला की दुसराही सुजतो," मैत्रीण म्हणाली. हे तिच्या तोंडून इतकं ठामपणे निघालं की नवऱ्याला पुढे काही विचारता येईना. चहा न पिताच तिने निरोप घेतला. दारातून मात्र मोठ्याने म्हणाली, "रविवारी खुशाल जाऊ दे तिला टेकडीवर, भावजी. माझी काही हरकत नाही!"

दार लागल्यावर काचवालीने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. सगळं उघडकीला आलं, असंच तिला वाटलं. चोराच्या मनात चांदणं! पण नवऱ्याला भलताच संताप आला होता.

"बघितलंस? गिअर किती ते माहीत नाही! बूट मापाचे नाहीत! वस्तू घ्यायची, टाकायची दुसऱ्याच्या घरी, आणि विचारायचंसुद्धा नाही. या असल्या लोकांनी माझं फडताळ भरलंय."

"अहो, ती तशी नाहीये हो..."

"तू गप्प. तू साखळी पुसतेस, मी बघतो ना रोज! ज्याला कदर नाही त्याची सायकल, आणि जिला कदर आहे तिने रोज भीक मागायची. हा काय न्याय झाला?"

रविवारी जायची परवानगी मिळाली होती. तरी काचवालीला तो दिवस गोड लागेना. आपल्यामुळे मैत्रिणीला बोल लागला, हे तिला सलत राहिलं. आज सांगू, उद्या सांगू करत तिने आणखी दोन दिवस ढकलले. तेवढ्या वेळात नवरा कामाला लागला होता.

आधी तो सायकलच्या दुकानात गेला. निळ्या सायकलची किंमत विचारली, ऐकली आणि जवळच्या स्टुलावर बसला.

"एवढे? हिला स्टँडसुद्धा नाही!"

"स्टँडने वजन वाढतं, साहेब. ही वजनाला हलकी आहे, त्याचे पैसे."

"म्हणजे जे नाही त्याचे पैसे घेता?"

"जे नाही तेच चढावर कळतं," दुकानदार म्हणाला.

नवऱ्याला हे पटलं नाही. पण पहाटे सायकलवरून परतलेल्या पत्नीचा घामेजलेला, लाल चेहरा त्याला आठवला. एरवी तो चेहरा संध्याकाळी दुकानातून दमून येई, तेव्हा त्यावर रंगच नसे. तो उठला, बँकेत गेला, आणि स्वतःच्या दाढेसाठी मोडली नव्हती ती मुदतठेव त्याने मोडली.

शुक्रवारी संध्याकाळी तो कापडी पिशवी घेऊन मैत्रिणीच्या दारात उभा राहिला.

"ताई, सायकल विकता का?"

मैत्रिणीने त्याला आत बोलावलं. मग तिला वाटलं, चला, कटकट मिटेल. तिने मनाला येईल तो आकडा सांगितला.

"तेवढ्यात तिचं एक चाकसुद्धा येत नाही," नवरा म्हणाला. "मी चौकशी करून आलोय. तुमच्या अज्ञानाचा फायदा मला घ्यायचा नाही."

"मग तशीच घ्या भावजी. मला नकोच आहे."

"फुकट? परक्याची वस्तू? तुम्ही मला ओळखलं नाहीत ताई."

"भावजी, खरं सांगू का..." मैत्रिणीने सुरुवात केली. पण नवरा पिशवीकडे बघत बोलू लागला होता, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"तिने आजवर काही मागितलं नाही हो माझ्याकडे. मीही कधी विचारलं नाही. दिवसभर खिडकीत बसून लोकांना विचारतो, तुमचं काय हरवलंय? घरी मात्र कधी विचारलं नाही. सायकलवरून आली की गाणं म्हणते ती. मला माहीतच नव्हतं, तिला गाणं येतं."

मैत्रिणीचे डोळे भरून आले. ते पुसता पुसता तिची मान हलली. नवऱ्याने तो होकार समजला, पिशवी टेबलावर ठेवली, दोन्ही हात जोडले आणि निघून गेला.

शनिवारी सकाळी काचवाली यंत्रावर काच घासत होती, तोच तिच्या पुढ्यात पिशवी येऊन पडली.

"हे घे," मैत्रीण म्हणाली. "तुझ्या नवऱ्याने तुझी सायकल माझ्याकडून तुझ्यासाठी विकत घेतली. पूर्ण किमतीला. तो काय काय बोलला ते सांगते, पण आधी ते यंत्र बंद कर. नाहीतर कोणाचा तरी चष्मा वाया जाईल."

सगळं ऐकून काचवाली आधी हसली. मग तिने यंत्राच्या आडोशाला जाऊन डोळे पुसले, आणि मग तिला भीती वाटू लागली. हा माणूस खोटं सहन करणारा नव्हता. पण त्याचा एवढा मोठा आनंद खोट्यावर उभा ठेवायचा, हे तिला त्याहून सहन होईना. त्याने तोंड फिरवलं तर फिरवू दे, रविवार हुकला तर हुकू दे, पण आज सांगायचंच, असं ठरवून ती घरी आली.

नवरा तिची वाटच बघत होता. सायकल खोलीच्या मधोमध उभी होती. दांडीवरची चिठ्ठी काढून टाकलेली होती. परीक्षेचा निकाल सांगावा तशा आवाजात तो म्हणाला, "आजपासून ही तुझी."

काचवालीने पिशवी टेबलावर ठेवली. "ही आधीपासून माझीच आहे," ती म्हणाली. "मी घेतली. माझ्या पैशांनी."

नवऱ्याने पिशवीकडे पाहिलं. मग सायकलकडे पाहिलं.

"हेल्मेट?"

"माझं."

"बूट?"

"माझेच. म्हणून तर तिला बसले नाहीत."

"आणि ती... गादीची?"

"तीही माझीच हो."

तो सोफ्यावर बसला. "म्हणजे रोज पहाटे मी तुला तुझ्याच सायकलसाठी..." वाक्य त्याला पुरं करवेना. "खोटं का बोललीस? मी काय मारणार होतो?"

"तुम्ही विचारलंत, कोणाची. माझी म्हणायची लाज वाटली मला. एवढे पैसे स्वतःवर! कधी सवयच नव्हती. चुकलं माझं. सायकल घेतली ते चुकलं नाही, पण खोटं बोलले ते चुकलं."

त्याने पिशवी उघडून आतल्या नोटा पाहिल्या. काचवालीने मनाची तयारी केली. मग तो एकदम उठून उभा राहिला आणि पिशवीकडे बोट दाखवून ओरडला, "मग माझ्या उधळपट्टीचं काय?"

"अं?"

"आयुष्यात एकदा मी उधळपट्टी केली! एकदाच! ठेव मोडली, घासाघीस केली नाही, रात्री शांत झोप लागली. आणि तू ते पैसे परत घेऊन आलीस? पैसुद्धा खर्च झाली नाही?"

"मग बँकेत टाका परत."

"अजिबात नाही! मी खर्च केलेत ते. मी ते परत घेणार नाही."

"मीही घेणार नाही. माझी सायकल मी घेतलीय."

"मग उद्या मी ते स्वतःवर घालवीन!" नवरा म्हणाला, आणि आपण काय बोललो हे ऐकून दचकला. पण शब्द तोंडातून निघून गेला होता, आणि काचवाली हसत होती, त्यामुळे माघार घेणं शक्य नव्हतं.

रविवारी सकाळी दोघं दोन दिशांना गेले. काचवाली कोणालाही फोन न करता सायकलवर बसली. घोळका टेकडीवर नेहमीसारखाच पुढे गेला, कारण महागाची सायकल घेतली म्हणून पाय काही बदलून मिळत नाहीत. पण मध्यावर ती थांबली नाही. जीभ बाहेर काढत, पाय ओढत, मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या घालत ती वर पोचली आणि पलीकडचं पाणी बघून भर रस्त्यात मोठ्याने गाऊ लागली. कोणी ऐकलं असेल तर ऐकू दे, असं तिला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

दुपारी ती घरी आली तेव्हा नवरा टेबलाशी पडेल चेहऱ्याने बसला होता. समोर पिशवी, जवळजवळ होती तेवढीच फुगीर. तिच्या शेजारी पाण्याची एक सायकलवाल्यांची बाटली, चकचकीत, केशरी झाकणाची.

"काय झालं हो?"

"जमलं नाही," तो म्हणाला. "सगळ्या बाजारात फिरलो. प्रत्येक ठिकाणी आधी वाटायचं, घ्यावं. मग वाटायचं, यावाचून काय अडलंय? सायकलच्या दुकानात एका हिरव्या सायकलवर बसूनसुद्धा बघितलं. छान वाटलं. पण पैसे काढायची वेळ आली आणि पाय आपोआप खाली आले. शेवटी ही बाटली घेतली. तिच्यातही घासाघीस केली. करायची नव्हती गं, पण तोंडातून निघून गेली."

काचवाली त्याच्या शेजारी बसली. तिचे पाय थरथरत होते आणि घशाला कोरड पडली होती.

"अहो, याला सराव लागतो," ती म्हणाली. "मी कितीतरी वेळा त्या दुकानाच्या दारावरून परत फिरले होते. आज बाटली झाली ना? पुढच्या रविवारी मी येते तुमच्याबरोबर. नव्या दाढेपासून सुरुवात करू. मग ती हिरवी बघू."

"मापाची आहे ती," नवरा हळूच म्हणाला.

बाटलीत पाणी भरलेलं होतं. काचवालीने तहानेने बाटलीकडे हात केला, तोच नवऱ्याने ती झटकन जवळ ओढली.

"थांब," तो म्हणाला. "माझी आहे ती."

स्वतःचेच शब्द ऐकून त्याचे कान लाल झाले. काचवाली त्याच्याकडे टक लावून बघत राहिली आणि मग तिने अगदी गंभीरपणे विचारलं, "बरं. मग एक घोट घेऊ का?"

नवऱ्याने बाटलीकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. खराखुरा विचार केला.

"घे," तो म्हणाला. "पण जपून हं. नवी आहे."